टॉपचा अर्धा नियम

अण्णा, तुम्ही वहिनीला गाडी शिकवत होता, तेव्हा मी मागच्या सीटवर आईशेजारी वही घेऊन बसायची. दादा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आईला दर गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जायचं. घरात कुणीतरी चालवणारं हवंच होतं. मी दोन गल्ल्या पलीकडे नांदत होते. मला शिकवा म्हटलं, तर म्हणालात, "तू आता दुसऱ्याच्या घरची. तू आपली पेट्रोलची वही ठेव."

वळसंगच्या पुढं बैलगाड्या आडव्या येतात, गाडी मंदावते, वहिनी गोंधळते. तुम्ही ओरडत नाही. "आवाज ऐक की, पोरी. टॉप गेअरमध्ये इंजिन सावकाश फिरतं, कमी पितं. पण वेग मोडल्यावर टॉपवरच रेटलीस, तर कण्हती आणि जास्त गिळती. कण्हली की गेअर खाली, बोंबलली की वर." इतक्या मऊ आवाजात तुम्ही मला पाढेसुद्धा शिकवले नाहीत. आणि गाडी कण्हायला लागतीय हे मला तिच्याआधी कळायचं; लुगड्याच्या आत माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा.

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेलात. एकटीनं चालवायची म्हणून वहिनी घाबरलेली. घाबरली की ती सगळं विसरायची. मला विचारलं, "वन्सं, पेट्रोल वाचवायचं अण्णा काय सांगतात हो?" मी म्हटलं, "टॉप सोडायचा नाही." पुढचं सांगितलं नाही.

तुम्ही आलात तोवर गाडी लिटरमागं तीन किलोमीटर कमी द्यायला लागली होती. मी वहीत खरं तेच लिहिलं. खोटं कधी लिहिलं नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही शेजारी बसलात. बैलगाडीमागं गाडी टॉपवरच कण्हत राहिली. "मी बहिऱ्याला शिकवत होतो व्हय?" एवढंच म्हणालात, आणि घरी आल्यावर किल्ली काढून घेतलीत. वहिनीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. म्हणाली, "चुकलं माझं, अण्णा."

किल्ली मला मिळाली नाहीच. आई एस्टीनं जाऊ लागली.

तुम्ही जाऊनही आता वर्षं झाली. वहिनी थकलीय. दिवाळीला गेले की माझ्या ताटात अजून आधी वाढते. त्या दिवशी तिनं माझं नाव घेतलं असतं, तर रडून, पाया पडून मोकळी झाले असते. तिनं घेतलं नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटतो. खरं तर हे पत्र तिला लिहायचं होतं. पण ती वाचेल, म्हणून तुम्हाला लिहिलं.