बावीस माणसं, एकतीस चौकोन

३ मार्च, सकाळ
संचालक कॉन्स्टन्सबाईंनी पाहणीचं काम माझ्यावर टाकलं. ग्रंथालयातल्या माझ्या विभागाचे बावीस जण, मी धरून. कोण कुठल्या वंशाचा आणि कामावर खूश आहे का, एवढंच विचारायचं. अठ्ठावीसला विश्वस्तांपुढे अहवाल, त्याच बैठकीत उपसंचालक नेमणार. म्हणजे मीच. अठरा वर्षं पुस्तकं वर्गवार लावतोय, माणसं काय जड आहेत? सूट धुवायला टाकला.

५ मार्च
फॉर्म तयार. गोरे, काळे, लॅटिनो, आशियाई, इतर. पाच चौकोन, सुटसुटीत. वर ठळक अक्षरांत: संपूर्ण निनावी.

६ मार्च
कॅटलॉगवाली नादिरा हद्दाद तक्रार घेऊन आली. म्हणे, आम्ही बैरूतचे लोक सरकारी कागदावर गोरे, पण विमानतळावर बॅग उघडताना कुणाला ते आठवत नाही. म्हटलं, 'इतर' आहे की. म्हणाली, कुठेच न बसणारी पुस्तकं कोंबतो तो खण ना? आणखी काही सांगत होती, मला फोन आला. चौकोन वाढवला.

१० मार्च
काउंटरवरची डेल्फिन हैतीची. तिला नुसत्या 'काळे'मध्ये बसायचं नाही. एकजण अर्धा फिलिपिनो, अर्धा आयरिश. शेवटी आपण ग्रंथपाल. प्रत्येक चौकोनाला पुस्तकांसारखा दशांश क्रमांक दिला, खाली 'हेही पहा'च्या टिपा.

१३ मार्च
एकतीस चौकोन, शेवटचा 'सांगायचा नाही'! अख्ख्या ओहायोत अशी पाहणी नसेल.
डेल्फिन म्हणाली, अरे वॉरन, इथे हैतीची मी एकटी. खूण केली की सही कशाला हवी? मी म्हटलं, मी बघणारच नाही. ती हसली. विश्वास बसला.

१७ मार्च, दुपार
एकही फॉर्म आला नाही. सेंट पॅट्रिकचा दिवस, आयरिश लोकांचा सण; सगळे हिरवे कपडे घालून हिंडताहेत. लोकांना हुरूप यावा म्हणून माझा आधी भरला, चौकोन १.२. प्रश्न नऊ: विभागप्रमुख तुमचं ऐकून घेतात का? विभागप्रमुख मीच. 'नेहमी'वर खूण केली. खोटं कशाला लिहू?

२१ मार्च
एकेकाच्या टेबलाशी उभं राहून निनावी फॉर्म भरून घेतले. सफाईवाल्या युसेबिओनं माझं पेन मागितलं, एक खूण केली, थँक्यू म्हणून परत दिलं. बावीसच्या बावीस आले. मी बघितले नाहीत, थेट कॉन्स्टन्सबाईंकडे पाठवले.

२८ मार्च
अध्यक्षांनी अहवाल मोठ्यानं वाचला. वंश 'सांगायचा नाही': एकवीस. विभागप्रमुख 'कधीच ऐकत नाहीत': एकवीस. चौकोन १.२ मध्ये एक माणूस, त्याच्या मते विभागप्रमुख 'नेहमी' ऐकतात. एका विश्वस्तानं विचारलं, हा एक कोण? सगळे माझ्याकडे बघत होते.
उपसंचालक नादिरा झाली.
संध्याकाळी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, वॉरन, मनात असेल ते बोल. मी चाळीस मिनिटं बोललो. फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. मला फार लाज वाटली.