मास्टर गेज

३ मार्च, मंगळवार

आठच्या आठ गेज चुकीचे निघाले! दोन नंबरच्या रिअॅक्टरवरचे, रसायन शिजवायच्या त्या जुन्या भांड्यावरचे. सगळे दाब जास्त दाखवत होते. एकेक काढून आणला, माझ्या मास्टर गेजशेजारी लावला, दोघांना एकच दाब दिला आणि मास्टर सांगेल तिथे काटा आणून बसवला. एवढंच तर काम आहे माझं — मास्टर म्हणेल ते खरं! जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच्यावरूनच जुळवला. बरोबर बारा किलो दाबाला उघडला. हात काळेकुट्ट, कंबरेचा भुगा, पण जीव खूश.

नववा तेवढा राहिला. शिडीमागचा. स्क्रू गंजलेत, हलतच नाहीत मेले. जाऊ दे.

४ मार्च

बॅच वीस मिनिटं लवकर निघाली. साहेब चारचौघांत म्हणाले, "मोजमाप नीट असलं की असं होतं!" मी मान खाली घालून उभी. आतून मात्र फुगले होते.

७ मार्च, शनिवार

नवरोबांशी वाजलं. त्याच रिअॅक्टरवर ऑपरेटर ना हे, वीस वर्षं. जेवताना विषय काढला — "शिडीमागचा बारा दाखवतोय. बाकीचे दहा." म्हटलं, गंजलाय तो, त्याचं काय ऐकता? आठ जण एक सांगतात आणि एकटा दुसरंच सांगतो, तर खरं कोण?

"मास्तरीणबाई, पण ते आठही तुमच्याच शाळेतले!" आणि स्वतःच खो खो हसले.

मी भांडी आपटली. वर म्हणे रिअॅक्टरचा आवाज बदललाय. पूर्वी गुरगुरायचा, आता दात आवळून बसल्यासारखा वाटतो. कानाने दाब मोजायचा असेल तर मला पगार कशाला देतात?

८ मार्च

अबोला. चहा मात्र यांनीच केला.

१० मार्च, मंगळवार

भाजी चिरता चिरता हात थांबला.

आठही गेज एकाच बाजूला चुकले होते. आणि जवळजवळ सारखेच. असं होत नाही! गेज बिघडतात ते भावंडांसारखे, एक इकडे तर एक तिकडे. आठ जण एका सुरात चुकले तर तपासणाऱ्यात खोट आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला तेव्हा नाही सुचलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणे!

आणि दुसरंही लिहूनच टाकते. फेब्रुवारीत मास्टरची पेटी माझ्या हातून जिन्यात पडली होती. कुणी बघितलं नाही. उघडून पाहिलं तर काटा शून्यावर, काच शाबूत. स्टिकरवर पुढच्या तपासणीला पाच महिने बाकी. उचलली आणि कामाला लागले. पण शून्यावर खरं बोलणारा दहावरही खरंच बोलेल असं कुठंय? नवीन मुलींना मीच शिकवते हे. पहिल्या दिवशी शिकवते!

बोट कापलंय. लिहिताना ठसठसतंय.

११ मार्च

मास्टर बाहेरच्या लॅबला पाठवला. कारणापुढे लिहिलं — नेहमीची तपासणी. यांना काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलू? भांडी आपटली होती ना!

शिडीमागे जाऊन आले. बारा. काचेवर टिचकी मारली. बाराच. यांची पाळी संपून शीळवाला आला होता. सदा शीळ घालतो म्हणून नाव पडलंय, यांच्या जागी दुसऱ्या पाळीला असतो. म्हणाला, "ताई, तुम्ही इथे? फोटो बघा आधी." तीन महिन्यांची मुलगी. बोळकं उघडून हसतेय. गोड आहे म्हटलं आणि पळाले तिथून.

१३ मार्च, शुक्रवार

लॅबच्या बाईंचा फोन. "दहावर दोन किलो कमी दाखवतोय हो. आपटला होता का कुठे?"

म्हणजे आपण दहा म्हणतोय तेव्हा आत बारा आहेत. इतके दिवस! आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बाराला नाही, चौदाला उघडणार. ते भांडं चौदासाठी बनलेलंच नाही. त्यातून जुनं, आतून झिजलेलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. "सोमवारी प्लांट बंद ठेवतोच आहोत. तेव्हा गुपचूप सगळे परत लावून घ्या. दहा दिवस काही झालं नाही, दोन दिवसांत काय होतंय? आणि नाव तुमचंच येईल, लक्षात घ्या."

मी बरं म्हणाले. बरं!

कंट्रोल रूमच्या दारात लाल बटण आहे. दाबलं की रिअॅक्टर बंद. धोका वाटला तर कुणीही दाबावं, नियमच आहे. मी त्याच्यासमोरून दोनदा गेले. दाबलं असतं तर सगळे धावत आले असते आणि विचारलं असतं, का? मग जिना आला असता, पेटी आली असती, सगळंच आलं असतं. सोमवार काही लांब नाही. दोनच दिवस.

भीती वाटते. फार वाटते.

१४ मार्च, शनिवार

उद्या यांची सकाळची पाळी. दुपारपासून पोटात दुखतंय म्हणून पडून राहिले. म्हटलं, उद्या जाऊ नका हो, एकटीला भीती वाटते. बिचाऱ्यांनी लगेच शीळवाल्याला फोन करून पाळी बदलून घेतली. मग गरम पाण्याची पिशवी आणून दिली. "आधी सांगायचंस ना, वेडाबाई." माझं रडू थांबेना. यांना वाटलं, दुखतंय.

१५ मार्च, रविवार

सव्वादहाला आवाज झाला. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या हादरल्या. हे अनवाणी गेटपर्यंत धावले. आत्ता परत आलेत.

शीळवाला शिडीमागे सापडला. यांनीच त्याला काल फोनवर बजावलं होतं — तासातासाला तो नववा बघून येत जा, माझा त्याच्यावरच विश्वास आहे. दारात उभे राहून तेच तेच सांगतायत. माझ्यामुळे गेला गं तो, माझ्यामुळे.

मी अजून काही बोललेले नाही.