रंगांची प्रॅक्टिस

४ मे
काल पणजीला शिपच्या नोकरीसाठी मेडिकल. बाकी सगळं ओके. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरून आकडा विचारला. आकडा नव्हताच, तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी लिहून दिलं, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, शिपवर घेता येणार नाही. पुस्तक फार जुनं होतं. रंग उडालेले असणार.
निश्चय : जुलैत मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांकडे मेडिकल. तोवर डोळ्यांना प्रॅक्टिस. व्यायामाने दंड तयार होतात, मग डोळे का नाही?

६ मे
सोय झाली. रसिकाला तिच्या मामाने दुबईहून हातात धरून खेळायचा कन्सोल पाठवलाय. त्यात रंगांचा गेम आहे. ना गाड्या, ना बंदुका. पांढऱ्या स्क्रीनवर नुसते चौकोन. एका रंगाचे दोन शेजारी आणले की नाहीसे होतात. चुकलं की स्क्रीन थरथरते. आज पुष्कळ थरथरली.
कन्सोल तिने मला दिला, पण चार्जर स्वतःच्या घरी ठेवला. म्हणजे रोज संध्याकाळी जाणं आलं. पोरगी हुशार आहे. आमचं दोघांचं ठरलेलंच आहे, फक्त तिच्या घरी सांगायचं बाकी. ते शिप मिळाल्यावर. तिचे बाबा, रविकांतकाका, शिपवाल्याशिवाय मुलगी देणार नाहीत. तसं ते बोललेले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं.

१३ मे
आईने कोकमासाठी पिकलेले लाल रातांबे काढायला पाठवलं. टोपली भरून आणले. आई म्हणाली, निम्मे हिरवे आहेत. मी म्हटलं, उन्हात ठेव, पिकतील. तिच्या वडिलांनाही रंग कळत नसत म्हणे, ते रातांबा दाबून ओळखायचे. त्यांच्या काळी प्रॅक्टिसची सोय नव्हती.

२१ मे
गेम तिसऱ्या लेव्हलवर अडकलाय. खाऱ्या हवेने स्क्रीन खराब झाली असावी. रसिका म्हणाली, बाबांशी बोल. मी समजावलं की रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

२ जून
मासेमारी बंद. होडी वर काढलीय. बाबांनी मला काठाला हिरवा पट्टा मारायला सांगितला. मारला. त्यांनी तो खरवडून काढला. डब्यावर रंगाचं नाव लिहायला काय जातं? (लिहिलं होतं. पण बारीक अक्षरात.)

१० जून
चमत्कार! काल चार्जिंगला रसिकाकडे ठेवलेला कन्सोल आज आणला आणि धडाधड लेव्हल्स सुटल्या. प्रॅक्टिस फळाला आली. चौकोनांवर हल्ली बारीक रेघा, त्रिकोण दिसतात. अपडेट आलं असणार. दिसायला छान आहे, मला त्याची गरज नाही.

२४ जून
गेम संपवला. शेवटचे चौकोन नाहीसे झाले तेव्हा रसिकाने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, कसालचं स्थळ आलंय. "शिपचा बाजूक रवांदे. तू बाबांकडे येवन एकदा इचार." मी म्हटलं, मेडिकल होऊ दे, मग ऐटीत येतो. ती उठून आत गेली. भारावली असणार.

७ जुलै
मुंबई. पुस्तक नवं होतं.
मी ठिपक्यांत रेघा आणि त्रिकोण शोधत बसलो. एकही नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, काय शोधतोस? मी गेमचं सांगितलं. ते म्हणाले, त्या खुणा ज्यांना रंग कळत नाहीत त्यांच्यासाठीच असतात, सेटिंगमध्ये जाऊन चालू कराव्या लागतात. आणि हे जन्माचं आहे, प्रॅक्टिसने जात नाही. चांगला माणूस. पाठीवर हात ठेवला.

९ जुलै
रसिकाला विचारलं. तिने लपवलं नाही. "तू रोज पडलेला तोंड घेवन येत होतंस. माका बघवना नाय, म्हणान मीच ता सेटिंग चालू केलंय."
मी तावातावाने म्हटलं, मला दया नको. कन्सोल तिच्या ओट्यावर ठेवून आलो. आता कुठल्या तोंडाने काकांना विचारू?
निश्चय : आधी दुसरी कुठली तरी भारी नोकरी. मग विचारणार. रसिका थांबेल.

२८ जुलै
रविकांतकाका आमंत्रण घेऊन आले. सोळा ऑगस्टला साखरपुडा. मुलाचं कसालला हार्डवेअरचं दुकान, रंग मिसळायचं मशीनही आहे म्हणे. माझ्या तोंडून निघून गेलं, तुम्हाला तर शिपवालाच जावई हवा होता ना? ते हसले. "शिपवालो माका कित्या होयो? माझा चेडू वर्साचे नऊ म्हयने एकटा रवतला."
मग माझ्याकडे बघता बघता त्यांचं हसू गेलं. चहा तसाच राहिला. हळूच म्हणाले, "मंगेशा, तुका नाय कोण म्हणतलो होतो? पण तू इचारलंस खंय?"
ते गेल्यावर रडलो. इथे लिहायला हरकत नाही.

१६ ऑगस्ट
जायचं नाही असं ठरवलं होतं. मग कपाटातून चांगला शर्ट काढला आणि आईला विचारलं, हा कुठल्या रंगाचा. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. म्हणाली, गुलाबी. मी राखाडी समजून घेतला होता. तोच घालून गेलो.
मांडवात मागे उभा राहिलो. रसिका समोर बसली होती, सगळ्या बायका तिच्या साडीच्या रंगाचं कौतुक करत होत्या. असलं काही विचारायचं तर मी तिलाच विचारलं असतं. आज कुणाला विचारावं ते कळलं नाही.