लटारू मेला नाई

॥ श्री ॥

मु. कोसमटोला, गोंडपिपरीकडे
ता. १० जानेवारी १९५५

तीर्थरूप रामाभाऊस, धाकट्या रंभाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

इकडे सारे खुशाल. वहिनीचा खोकला राह्यला की नाई ते कळव. तिले म्हणा अडुळशाचा काढा घे, नाक मुरडू नोको.

भाऊ, तुह्या नाटकानं माह्या घरी रडारड आणली गा. काल मी अंगणात तूर पाखडून राह्यली होती, तर पांदणीनं चार बाया ऊर बडवत आल्या. सगळ्यात पुढे याईची, म्हणजे माह्या मालकाची, मावशी शकुबाई. तिच्या गावचे लोक तिकडच्या शंकरपटाले, बैलाच्या शर्यती पाहाले गेले होते. तिथी त्याईनं तुमच्या मंडळाचं ‘लटारूचे आत्मदान’ पाह्यलं, अन् घरी येऊन सांगतलं की कोसमटोल्याच्या लटारूले वाघानं फाडलं. म्हातारी तशीच निघाली. माह्या गळ्यात पडून रडते, अन् मले काहीच समजे ना. तेवढ्यात हे शेणाची टोपली घेऊन कोठ्यातून बाहेर आले. मावशीनं अशी किंकाळी फोडली की बैलानं दावं तोडलं! भूत नाई हे कळल्यावर तिनं याईच्या पाठीत दोन धपाटे घातले, मंग जवळ घेतलं.

गावात हसू झालं. आमच्या शेजारचा नथ्थू, ज्याले सगळ्या गोष्टीतलं सगळंच समजते, तो म्हणाला की ज्याच्या मरणाची खोटी खबर उठते त्याचं आयुष्य वाढते. त्यानं घरोघरी गूळ वाटला. मीबी खाल्ला.

पण भाऊ, जे नाव मी उखाण्याबिगर कधी तोंडातून काढलं नाई, ते तू गावोगाव पडद्यावर लिवलं. बरं, लिवलं तर लिवलं, पण जसं झालं तसं तरी लिवाचं! मागच्या चैतात मोहफुलं वेचताना वाघ आला, बाकीचे पळाले, हे सुकरीबाईचा हात धरून उभे राह्यले, वाघानं पाह्यलं अन् निघून गेला. एवढंच झालं. याईचं धोतर ओलं झालं तेबी मी तुले लिवलं होतं. तू तर कुऱ्हाड दिली, झुंज लावली, अन् वरून मारून टाकलं. पलीकडच्या टोल्यावरची सुकरीबाई सत्तरीची, तिले तू गाणं म्हणणारी वनकन्या केली. मी तिले सांगतलं तर बिनदाताच्या तोंडानं इतकी हसली की खाली बसली.

हसण्यावारी नेते मी, पण खरं सांगू, मले भेव लागून राह्यलं. परवा नाल्यावर नथ्थूची कालवड वाघानं नेली. तोच असल काय?

तिळगूळ आत घातला आहे, वाटेत फुटला तर बोटानं चाटून घे. बहिणीची आठवण ठेवजो.

तुझी
रंभा

॥ श्री ॥

ब्रह्मपुरी
ता. १९ जानेवारी १९५५

चि. सौ. रंभीस रामाजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र आणि तिळगुळाचा भुगा पावला. वहिनीचा खोकला बरा आहे, नाक मुरडणे चालूच आहे. मावशींची हकीकत मी मंडळात वाचून दाखवली. आमचा चैतू, जो तरटाचं कातडं पांघरून वाघ होतो, तो म्हणाला की आपलं काम इतकं बरं होतं हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं.

आता तुझी तक्रार. अगं वेडे, माणूस नुसता हात धरून उभा राहिला आणि वाघ निघून गेला, हे बघायला थंडीत घोंगडी घेऊन कोण बसेल? लोकांना झुंज लागते, रडू लागतं. चौथ्या अंकात मी लटारू होऊन पडतो आणि म्हणतो की माझा देह गेला तरी चालेल पण या रानातलं लेकरू जगलं पाहिजे, तेव्हा बायांच्या बाजूने असे हुंदके येतात की मलाच माझी दया येते. परवाच्या गावी तर एका म्हाताऱ्याने मध्येच उठून माझ्या पायाशी नारळ ठेवला. मेल्यावर दोनदा उठून पुन्हा मरावं लागलं, असा वन्स मोर! त्यात ओलं धोतर कुठे बसवू? सगळं हसण्यावारी जाईल. हा तुझ्या नवऱ्याचा मानच आहे, समज.

कार्तिकात ते इकडे मंडईच्या जत्रेला आले होते, हे तुला बोलले का? सगळ्यात पुढे बसले होते. खेळ संपल्यावर पडद्यामागे आले. आमची रंगवलेली लाकडी कुऱ्हाड मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. त्यांना आवडलं असावं.

आणि भिण्याचं म्हणशील तर तू लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलालाही भीत होतीस. लटारूजींना नमस्कार सांग, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा
रामाभाऊ

॥ श्री ॥

कोसमटोला
ता. २ फेब्रुवारी १९५५

ती. रामाभाऊस नमस्कार, वि. वि.

तुह्या थट्टेले जवाब द्याले मन नाई. वाघानं माणूस नेला. बांबू भरून आणणारा बंडीवाला होता, परगावचा. नाल्याच्या काठी त्याचं एक पायतण सापडलं, बैल गावात आपले आपण आले. आता दिवस मावळाच्या आत दारं लागते. मोह गळाले लागंल तवा रानात कोण जाईल, अन् नाई गेलं तर पावसाळ्यात टोल्यावरचे लोक खातील काय?

जंगल खात्याचा बंदूकवाला साहेब शिवरात झाल्यावर येणार आहे. मचानावर तो बसंल, गाव डफडे वाजवून हाका करंल, वाघ त्याच्याकडे हाकलंल. पण नाल्याची ती करवंदीची जाळी अशी घट्ट आहे की वाजवून वाघ उठत नाई म्हणते. कोणीतरी एकट्यानं आत घुसून त्याले उठवाले पायजे, मंग बाकीचे डफडे घेऊन मागून येतील. चावडीवर बैठक झाली. नथ्थू उठला अन् म्हणाला की लटारू जाईल. काऊन, तर लटारू एकदा मेला आहे. चार जिल्ह्यांनं त्याले मरताना पाह्यलं, सख्खी मावशी रडून गेली. अशा माणसाले काळ दुसऱ्यांदा शिवत नाई. अन् वाघासंग झुंजला आहे, हे तर साऱ्याईनं आयकलं. भाऊ, या गावचे लोक त्या दिवशी झाडावर चढून बसले होते गा! त्याईनं डोळ्यानं पाह्यलं होतं काय झालं ते. तरी आता तेच म्हणून राह्यले की कुऱ्हाड होती. नथ्थू वाईट नाई, त्याले खरंच तसं वाटते, याचंच मले जास्त भेव.

अन् हे नाई म्हणत नाई. मान डोलावली अन् घरी येऊन कुऱ्हाडीले धार लावत बसले. मी पाया पडली, भांडली, उपाशी राह्यली. धार लावणं थांबत नाई. हात मात्र कापते, भाकर मोडता येत नाई.

सुकरीबाई येऊन म्हणाली की लोक नाटकातलंच खरं धरते, तुह्या भावाले म्हणा इथी येऊन खरं दाखव. भाऊ, तूच मारला, आता तूच जिता कर. मंडळ घेऊन ये. साऱ्या गावासमोर दाखव की झुंज झाली नाई, कोणी मेलं नाई, माणूस भेला होता. मंग त्याईले कोणी एकट्याले आत ढकलणार नाई. शिवरातीच्या आत ये. माह्या कुंकवाची तुले आण आहे.

तुझी
रंभा

कोसमटोला
ता. ५ फेब्रुवारी १९५५

रामाजीभाऊस लटारूचा रामराम, वि. वि.

माझं अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. रंभानं पत्र टाकलं ते मले माहीत आहे. मंडळ आणू नोका. नाटक बदलू नोका.

भाऊ, मले आजपर्यंत चावडीवर कोणी पुढे बोलावलं नाई. आता पोरं वाट सोडते. पाटील मले बस म्हणते. मंडईत मी तुमचा लटारू पाह्यला. तो माह्यापेक्षा भल्ला साजरा आहे. त्याले भेव लागत नाई. मी रोज पाहून राह्यलो की तो माह्यात उतरते काय. अजून उतरला नाई. जाळीपाशी गेल्यावर उतरंल.

तुमी खरं दाखवलं तर मी कोणाले तोंड दाखवू? गेलो तर गेलो, नाटकात गेलो तसा जाईन. रंभाले तुमच्या घरी ठेवा. ती वरून कडक आहे पण खाते कमी, आग्रह करा लागते.

कमी जास्त लिवलं असंल तर पोटात घाला.

लटारू

॥ श्री ॥

ब्रह्मपुरी
ता. ११ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. रंभीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा खरं सांगतो, मी चिडलो होतो. चौथा अंक काढला तर नाटकात उरतं काय, असं वहिनीपाशी बोललोही. मग दोन दिवसांनी लटारूजींचं पत्र आलं. काय लिहिलं ते विचारू नकोस, आणि तुला हे ठाऊक आहे असं त्यांना कळू देऊ नकोस. रंभे, माझी वाक्यं तो माणूस खरी करायला निघाला आहे. मी रंग पुसून घरी येतो आणि वरणभात खातो, ते कुठून परत येतील?

आम्ही दोन बंड्या करून निघतो. मंडळ रुसलं आहे. वनकन्येचं काम करणारा पोरगा म्हातारी व्हायला तयार नाही, आणि चैतूला नुसतं बघून परत जायचं म्हणजे अपमान वाटतो. पण येतील. लाकडी कुऱ्हाड मी चुलीत घातली, वहिनीने त्यावर पाणी तापवलं.

मला वाघाची नाही, लोकांच्या हसण्याची भीती वाटते. लोक हसले तर लटारूजींचं काय होईल, हे मला सुचत नाही. तरीही येतो. तोवर त्यांना नजरेआड करू नकोस.

तुझा
रामाभाऊ

॥ श्री ॥

कोसमटोला
ता. २७ फेब्रुवारी १९५५

ती. रामाभाऊस रंभाचा वाकून नमस्कार, वि. वि.

खेळ झाला अन् तू मास्तरकीची शाळा धराले सकाळीच निघाला, तोंड पाडून बंडीत बसला होता. लोक हसले म्हणून. हो, हसले. तू पुढ्यात लटलट कापत उभा होता अन् लोट्यातलं पाणी धोतरावर सांडलं तवा नथ्थू सगळ्यात मोठ्यानं हसला. हे उठून अंधारात निघून गेले, अन् मले वाटलं की मीच आपल्या हातानं आपल्या माणसाचा पाणउतारा केला. मंग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ते विहिरीकडे तर जात नाई, म्हणून मी दाराशी आडवी निजली.

पुढचं तुले माहीत नाई, ते लिवते. सकाळी सुकरीबाई काठी टेकत चावडीवर आली. तिनं साऱ्याईले सांगतलं की काल दाखवलं तसंच झालं होतं. तिनं लटारूले तवा म्हटलं होतं की बाबू, तू पळ, माह्या गोवऱ्या मसणात गेल्या. त्यानं हात सोडला नाई. हात इतका कापत होता की तिच्या बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. ज्याले भेव लागत नाई तो उभा राह्यला तर त्यात काय मोठं, असं म्हणाली, अन् मंग विचारलं की हसणारे तवा कोणत्या झाडावर होते. भाऊ, सारी चावडी खाली पाहून राह्यली! पाटलानंच म्हटलं मंग, की लटारू आपल्यासारखाच जिता माणूस आहे, एकट्यानं कोणी जाळीत जाणार नाई, जाचं तर साऱ्याईनं रांगेनं.

मले वाटलं सुटलो. हाक्याच्या दिवशी मी याईले म्हटलं, आता कोणी बोलावलं नाई, घरी राहा. कुऱ्हाड खुंटीलेच ठेवली, पण डफडं घेऊन गेले. रांगेत मधात उभे होते, बाजूले नथ्थू.

आमी बाया मारुतीच्या पाराशी बसलो. डफडे वाजत होते तोवर बरं होतं. मंग डरकाळी आली अन् सारे डफडे एकदम थांबले. माणसं ओरडत गावाकडे पळत आली. मी एकेकाचं तोंड पाह्यलं, याईचं दिसे ना. नथ्थूची बायको माह्या दंडाले धरून होती, तिचाबी माणूस दिसे ना. बंदूक वाजली. त्याच्यानंतर रानात पाखरूबी बोललं नाई. नवस करावा तर देवाचं नाव आठवे ना. भाऊ, मी याईचं नाव घेऊन ओरडली. लटारू, लटारू, अशी. साऱ्या गावात.

मंग दोघं आले. वाघ जाळीतून फिरून रांगेवरच आला होता. सारे पळाले, नथ्थूचे पाय गेले, तो जागीच बसला. याईनं त्याचा हात धरला अन् उभे राह्यले. वाघ दोघाईकडे पाहत थांबला, तेवढ्यात साहेबाची गोळी लागली. पाराशी आले तरी हात सुटले नव्हते. मी अन् नथ्थूच्या बायकोनं एकेक बोट सोडवलं.

नथ्थू काहीच बोलला नाई. यालेच मी चमत्कार म्हणते. हेच बोलले, साऱ्याईसमोर, मोठ्यानं. म्हणाले की कोणी हसाचं असंल तर हसा, आज दोन धोतरं ओली आहे. कोणी हसलं नाई. मंग नथ्थूच आधी हसला, अन् हसता हसता माह्या पायाशी बसून रडला.

हे बरे आहे. हात अजून कापते, भाकर मीच मोडून देते. काल मले म्हणाले की तुह्या भावाले लिव, तो नाटकातला लटारू काई माह्यात उतरला नाई, वाट पाहू नोको म्हणा.

तुले ठाऊक आहे मी काय सांगणार. हेबी तू नाटकात घालशील, तुह्यानं राहवणार नाई. घाल. पण भाऊ, धोतर गाळू नोको.

वहिनीले नमस्कार. जीव आहे तोवर माया राहू दे.

तुझी
रंभा