हॅरॉल्डचा राज्याभिषेक

हेस्टिंग्जजवळ, सप्टेंबर २००६

बाबांना नमस्कार,

तुम्ही फोनवर ओरडलात, "कॉलेज सोडून नुसता भटकतोयस. होणार कोण तू?" राजा झालो, बाबा! इथल्या हौशी नाटकमंडळीत मी हॅरॉल्ड आहे, १०६६चा इंग्लंडचा राजा. तोही भटकाच. जेमतेम नऊ महिन्यांचं राज्य, त्यात उत्तरेची लढाई जिंकून तसाच इथवर धावत आला आणि लढता लढता मेला. इथले चिप्स काय भारी असतात... असो.

काल राज्याभिषेकाच्या प्रवेशाची तालीम होती. आर्चबिशप झालेत कॉलिन आजोबा, रिटायर्ड पोस्टमन. त्यांनी मुकुट घातला आणि मी सवयीने, एका हाताने तो सावरत, त्यांच्या पाया पडलो. वाटलं, दिग्दर्शक आता हाकलणार. तर तो म्हणाला, "हे ठेव. आज पहिल्यांदा राजा वाटलास. कोणी शिकवलं?"

मी ताठ मानेने सांगितलं, "माझ्या बाबांनी. स्लाऊला डॉक्टर आहेत."

हे पत्र टाकत नाही. तुम्ही वाचाल, पण उत्तर देणार नाही. त्यापेक्षा रविवारच्या प्रयोगाला तुम्हाला न्यायला मीच येतो. दार तेवढं उघडा.

तुमचा,
गादीवर बसलेला यतीन