मधल्या स्टेशनावरची अदलाबदल

सोमवार, ९ मार्च

ती. ताईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. त्याच्या आधीचंही पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, पण काळजीचं काही नाही, प्रकृती ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा बांधता का, की तो अजून दारामागच्या खिळ्यालाच बांधलेला आहे?

इकडची हकिकत अशी. दुकानातलं भिंगं घासायचं मशीन गेल्या आठवड्यात गेलं. उचलायला चार माणसं लागली. त्याच्या जागी फरशीवर एक उजळ चौकोन उरला आहे. मी त्यावर पाय ठेवत नाही, वळसा घालून जाते. तयार होऊनही कुणी न नेलेले अकरा चष्मे कपाटात होते. पाकिटांवरच्या नंबरांना फोन केले, तर सात जण येऊन घेऊन गेले. एका आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर चांगल्या म्हाताऱ्या आहात की!" मी म्हटलं, "म्हणजे नंबर बरोबर लागला." ते खूप हसले. मीही हसले असणार.

मला अजून रडू आलेलं नाही, ताई. शेजारीण सगळ्यांना सांगते, किती खंबीर बाई आहे. खंबीर वगैरे काही नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, मग आपलाच गाल हाताला दुसऱ्याचा लागतो, तसं सात महिने चाललं आहे. दूध तापवते, ते उतू जात नाही. पाण्याची टाकी वेळेवर भरते. सगळं नीट होतं.

आता तुमच्या बोलण्याकडे येते. तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, ये आणि राहा इथे कायमची. वरची खोली धूळ खात पडली आहे. आणि हे बघ, पुढच्या गादीच्या डब्यातूनच यायचं. दहा तास मागच्या बाकावर बसून हाडं खिळखिळी करून आलीस, तर मी दार उघडणार नाही. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. जिवाला जरा सुख द्यायला शीक."

शनिवारी तिकीट काढायला गेले होते. खिडकीवरच्या बाईंचा चष्मा आपल्याच दुकानातला आहे. त्यांनी न विचारताच म्हटलं, "एक पुढचं आणि एक मागचं, नेहमीसारखं?"

मी म्हटलं, "एकच."

"कुठलं?"

मला सांगता येईना. खरंच येईना. पाठीमागचा माणूस म्हणाला, "बाई, तिकीट काढताय की स्वयंवर मांडलंय?" रांगेतले सगळे हसले. मी बाजूला झाले आणि घरी आले.

एक पुढचं आणि एक मागचं, हे काय प्रकरण, असं तुम्हाला वाटेल. आम्ही तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुम्ही स्टेशनाच्या फाटकाबाहेर उभ्या असायचात आणि आम्ही फलाटावर भेटून जोडीने बाहेर यायचो. नाहीतर तुम्ही ह्यांना तिथेच धारेवर धरलं असतंत, "नव्या नवरीला मागे बसवून आलास होय रे?"

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे यायचं होतं, तेव्हा पुढच्या डब्याचं एकच तिकीट परवडणार होतं. हे म्हणाले, तू पुढे बस. मी म्हटलं, तुमची पाठ दुखते, तुम्ही बसा. दिवसभर मशीनवर वाकून त्यांच्या पाठीचं काय होत होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. शेवटी ठरलं की अर्धा प्रवास त्यांनी पुढे बसायचं, अर्धा मी. मधल्या स्टेशनावर इंजिन बदलायला गाडी वीस मिनिटं थांबते, तिथे अदलाबदल करायची.

दुसऱ्या खेपेला ते पुढच्या डब्यात झोपून गेले. मी तरातरा गेले, सगळ्या डब्यादेखत त्यांना हलवून उठवलं आणि नको ते बोलले. त्या वेळी तुमच्याकडे तीन दिवस ते फक्त मांजराशी बोलत होते. ह्यांच्या किडकिडीत अंगावरून तुम्ही त्यांना लहानपणापासून काडी म्हणायचात; मला विचारलंत, "काय गं, माझ्या काडीला मुकं करायचं औषध दिलंस का?" परतताना आम्ही नियम केला. पुढे बसलेल्याने आपणहून उठून यायचं. मागे बसलेल्याने मागायला जायचं नाही.

चौतीस वर्षं आम्ही तो पाळला. पुढे दुकान चांगलं चाललं, दोन्ही तिकिटं पुढची काढता आली असती, पण काढली नाहीत. मला ते फार आवडायचं, ताई. फलाटावरून ते लांब टांगा टाकत येताना दिसायचे, टोपी काखेत, आणि खिडकीत वाकून म्हणायचे, "बाईसाहेब, आपली गादी तयार आहे." मी पुढे जाऊन बसले की ती गादी अजून ऊबदार असायची. बाजूला शब्दकोडं ठेवलेलं असायचं, बरोबर अर्धं सोडवलेलं. सोपे शब्द माझ्यासाठी राखलेले.

गेल्या ऑगस्टमध्ये तुमच्याकडे निघायच्या दोन दिवस आधी ते काउंटरवर बसून काचा पुसत होते. म्हणाले, "ह्या वेळी दोन्ही पुढचीच काढू या का?"

"का बरं?"

"उगाच. फलाटावरून एवढं चालायचा कंटाळा येतो हल्ली."

"म्हातारे झालात की काय?"

"झालो तर काय दंड आहे का?"

मी हसले आणि एक पुढचं, एक मागचं काढून आणलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा स्वभाव नव्हता, हे तुम्हीच लहानपणापासून पाहिलेलं आहे.

मधल्या स्टेशनावर गाडी थांबली. एक इंजिन गेलं, दुसरं आलं. मी पिशवी आवरून मांडीवर घेऊन बसले होते. फलाटावर बरीच माणसं होती, हे नव्हते. शेजारी एक बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाची वाट पाहताय का?" मी म्हटलं, "छे, कुणाची नाही." गाडी सुटली.

मला राग आला होता. वाटलं, दोन्ही पुढची काढली नाहीत म्हणून मला धडा शिकवताहेत. डब्याडब्यांतून चालत पुढे जाता आलं असतं. मधे सहाच डबे होते. पण नियम होता, आणि तो ह्या वेळी मी मोडणार नव्हते. पाच तास मी त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत बसले. शाळेत वक्तृत्वाला उभं करायचे तेव्हा करत असे, अगदी तसं, मुद्देसूद.

गाडी पोचल्यावरही मी माझ्याच डब्यासमोर उभी राहिले, येऊ देत म्हटलं. सगळा फलाट रिकामा झाल्यावर गेले.

पुढच्या डब्यात त्यांच्या समोरच्या जागेवरची एक शाळामास्तरीण अजून खाली उतरली नव्हती. ती म्हणाली, मधलं स्टेशन यायच्या जरा आधी त्यांनी बूट पायात घातले, एका बुटाची नाडी बांधली आणि मागे टेकले. तिला वाटलं, झोप लागली. स्टेशनावरच्या डॉक्टरांनी वेळ तीच सांगितली. मी त्यांना विचारलं, शेजारी कुणी असतं तर? ते म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही, बाई." त्यांनी 'नाही' म्हटलं नाही.

तुम्ही फाटकावरून शोधत आत आलात तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते, हात हातात घेऊन. तुम्ही म्हणालात, "निदान तू होतीस जवळ. एकटा नाही गेला माझा काडी." मी मान हलवली. मग तुम्ही ते सगळ्यांना सांगितलंत. दर फोनला मलाही सांगता. तू जवळ होतीस म्हणून मला झोप तरी लागते, असं म्हणता. मी हं म्हणते.

मी जवळ नव्हते, ताई. ते एकटे गेले. मी सहा डबे मागे रागात बसले होते.

शाळेत आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करताना आधी चूक सांगा, कारणं नंतर, आणि कुणी विचारली तरच. मी तीन पानं कारणंच लिहिली, आता दिसतंय. फाडून पुन्हा लिहिणार होते. पण मग पत्र टाकलंच गेलं नसतं.

आज सकाळी परत खिडकीवर गेले. आधी वाटलं होतं, मागच्या डब्याचंच काढावं, मला तेच शोभतं. मग डोळ्यांपुढे आलं, मी वाकडी होऊन तुमच्या दारात उतरेन, तुम्ही आधी मला गरम पाणी द्याल, पाठ शेकाल, झोप म्हणाल, आणि तुमचं रागावणं राहून जाईल. दुखरी पाठ दाखवून मला तुमच्याकडून सुटायचं नाही. म्हणून पुढच्या डब्याचं काढलं आहे. पूर्ण प्रवासाचं. नीट पाय पसरून, विश्रांती घेऊन येईन आणि तुमच्यापुढे उभी राहीन. तुम्हाला माझी दया यायला काही कारण ठेवणार नाही.

गाडी चोवीस तारखेची आहे. तिकीट बावीसपर्यंत परत करता येतं. फोन करू नका. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा हं म्हणेन. दोन ओळी लिहा. 'ये' असं आलं तर येते. 'नको' आलं किंवा काहीच आलं नाही, तर तिकीट परत करीन. त्याबद्दल तुम्हाला कुणापाशी काही सांगावं लागणार नाही, माझ्यापाशीही नाही.

तुमची झोप मोडली, त्याबद्दल क्षमा मागत नाही. ती मागायचा हक्क आहे की नाही, ते तुमच्या पत्रावरून कळेल.

तोपर्यंत,
तुमच्या भावाजवळ नसलेली,
तुमची भावजय