तुटकं बिस्किट मोजत नाहीत

४ मार्च, सोमवार
लेकाने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. वस्तू नकोशी झाली की मुलांना आईची आठवण येते. मागे तडा आहे, पण कॅमेरा चांगला आहे म्हणाला. तो फ्रीज दुरुस्त करतो. गिऱ्हाइकालाही असंच सांगतो, दार सोडा, आतलं मशीन बघा.
तरी घेतला. आता छंद करायचा. लोक समारंभात फोटो काढतात, त्यात सगळे पोट आत ओढून उभे. माणूस खरा कळतो तो घरात, बनियनवर, नखं कापताना. ते मी टिपणार. शिक्षण चौथी, वय अडुसष्ट, नजर घारीची.
आजपासून दोन निश्चय. एक, रोज दहा फोटो. दोन, साखर बंद.
साखरेचं असं झालं की सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. घरात डास पाळल्यासारखंच. परवा माझं रक्त नेलं, आज रिपोर्ट आणला. साखर चढलेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि तीन महिने कडक पथ्य, नाही उतरली तर रोज पोटात इंजेक्शन. मी सुईला भीत नाही. ती पोटाकडे येताना बघवत नाही, एवढंच.
बिस्किटांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला. जाऊ दे. मी काय लहान आहे?

६ मार्च, दुपारी ४
फोटो तीन. राहिलेले सात उद्या भरून काढीन.
चहाबरोबर एक बिस्किट. तुटकं होतं. डब्याच्या तळाला तुकडे पडतात, ते कुणी मोजत नाही. शिवाय तुटलं की त्यातली साखर सांडून जाते. स्टुलावर चढावं लागलं, तो व्यायाम वेगळा.

९ मार्च
डब्यातली तुटकी संपली. चांगल्यातलं एक बाजूला करत होते, तर हातात तुटलं. हल्ली माल चांगला येत नाही.

११ मार्च
विहीणबाई आल्या होत्या. सूनबाईची आई. शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या, पण सवय गेली नाही. चहा प्यायल्या तरी कपाला मार्क देतात. त्याही फोटो काढतात म्हणे. फुलांचे. फुलाला काय, ते पळून जात नाही.
माझे फोटो बघून म्हणाल्या, विहीणबाई, मागे पसारा फार आहे. म्हटलं, घर आहे, दुकानाची काच नाही. मग त्यांनी फोनमधलं खोडरबर दाखवलं. नको त्या वस्तूवर बोट फिरवायचं, वस्तू गायब. मागची भिंत आपोआप भरून येते.
त्या गेल्यावर तासभर नुसती पुसत बसले. वाळत घातलेले कपडे पुसले. भिंतीवरची ओल पुसली. लेकाची ढेरी निम्मी पुसली. लग्न झाल्या झाल्या हे बोट मिळालं असतं, तर आज घर वेगळं दिसलं असतं.
यात खोटं काही नाही. नको ते काढायचं, उरतं ते खरं.

१४ मार्च
ह्यांचा खुर्चीत बसलेला फोटो सुधारला. पायातली फाटकी चप्पल पुसली. बोट जरा घसरलं, पायही गेला. पण प्रसन्न दिसत होते, म्हणून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.
संध्याकाळपर्यंत चार फोन. चुलत दीर तर रडायलाच लागले, एवढं ऑपरेशन झालं आणि आम्हाला कळवलं नाही म्हणून. ह्यांनी फोन घेऊन सांगितलं, अरे पाय आहे, त्याच पायावर उभा राहून बोलतोय. दीर म्हणाले, दादा, तू पहिल्यापासून धीराचाच.
हे रात्री जेवताना बोलले नाहीत. कौतुक सहन होत नाही काहींना.

२२ मार्च
लॅबमध्ये ओळखपत्रासाठी तातडीने फोटो हवा होता. सूनबाईने माझ्याकडे मागितला. मोठ्या मनाने दिला. भुवया सारख्या केल्या, कपाळावरच्या आठ्या काढल्या, हसू घातलं. हसू फोनमध्ये तयार मिळतं. तिच्याकडे मूळचं नव्हतंच.
आज गेटवरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. म्हणाला, कार्डावरच्या बाईला पाठवा. अर्धा तास उन्हात.
घरी येऊन म्हणाली, आई, माझा एकही फोटो यापुढे काढायचा नाही. म्हणजे सुंदर केलं होतं हे सिद्ध झालं. वर म्हणाली, दात मोजलेत का, छत्तीस आहेत. काढले तर कमी म्हणतात, घातले तर जास्त म्हणतात.
मनाला लागलं. दोन तुटकी.

२ एप्रिल
मोठी बातमी. कोपऱ्यावरच्या ग्रंथालयात स्पर्धा आहे. विषय: घरातला रोजचा क्षण. पहिला येईल त्याचा फोटो तीन फूट मोठा करून दाराशी वर्षभर लावणार. भाजीला जाणारा, बस पकडणारा, सगळ्यांना तिथूनच जावं लागतं. आमचे डॉक्टर ग्रंथालयाच्या कमिटीवर आहेत. त्यांनाही दिसेल, आपण कुणाच्या पोटात सुई टोचायला निघालोय.
विहीणबाईही उतरणार. पेल्यातलं फूल पाठवणार म्हणे. फूल हा घरातला क्षण कसा, ते त्यांना आणि त्या पेल्यालाच माहीत.
बक्षीस माझंच. फक्त फोटो काढायचा राहिलाय.

१० एप्रिल
घरात आता घरच्यासारखं कुणी राहत नाही. लेक घरात शर्ट घालून फिरतो. सूनबाई कांदा चिरताना माझी चाहूल लागली की पाठ फिरवते. ह्यांनी तर कमाल केली. दुपारी झोपायच्या आधी भांग पाडला.
मी म्हटलं, अहो, रोजच्यासारखे वागा. म्हणाले, रोजच्यासारखा वागलो तर पाय जातो.

१३ एप्रिल
घरात चोरी. सूनबाईने बिस्किटांचा नवा पुडा आणला होता, त्यातली निम्मी बिस्किटं गेली. तिने सगळ्यांना उभं केलं. लेक म्हणाला, मी दिवसभर बाहेर असतो. मी म्हटलं, माझा हात फळीला पुरत नाही. हे खरं आहे. स्टुलावर चढल्यावर पुरतो, पण ते कुणी विचारलं नाही.
राहता राहिले हे. आळ त्यांच्यावर गेला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी फोन पुसत होते. संसारात पुरुषाने काहीतरी सोसायला हवं.

१८ एप्रिल, दुपारी ३
मिळाला! मिळाला!
हे खिडकीत बसून शर्टाचं बटण लावत होते. जन्मभर शिंपीकाम केलं, दिवसाला चार शर्ट शिवायचे. आता सुईत दोरा ओवायलाच पाव तास लागतो. जीभ बाहेर, भुवया कपाळावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही हात गुंतलेले. पळणार कुठे?
मी समोर चहा घेत होते. तशीच उठले, तोंडाशी जाऊन काढला. डाव्या हाताने. उजवा कामात होता. ओरडताही येईना त्यांना, ओरडले तर दोरा निसटला असता.
असा फोटो वर्षातून एकदाच मिळतो.

२१ एप्रिल
आठ दिवसांत फोटो द्यायचा आहे. मागचं कॅलेंडर पुसलं. ह्यांच्या कानातला केस पुसला. गळ्याजवळचा चामखीळ पुसला, मग पुन्हा आणला, तो नसला की हे परके वाटतात. बनियनचं भोक पुसलं. एकूण चौदा वस्तू. आता पुसण्यासारखं काही उरलं नाही. नजरच तशी आहे माझी, मुंगीही सुटत नाही.

२४ एप्रिल
फोटो विहीणबाईंना दाखवला. जळू देत म्हणून. त्यांनी दोन बोटांनी ताणून मोठा केला. चष्म्यापाशी थांबल्या. मग चहाचा ठसकाच लागला त्यांना, डोळ्यांत पाणी. पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.
मी म्हटलं, काचेवर काहीतरी चमकतंय, ते तेवढं पुसून टाकते. तर माझा हात धरला. म्हणाल्या, नाही हं विहीणबाई, चष्म्याला बोट लावायचं नाही. सगळा जीव तिथेच आहे. हाच पाठवा, जसाच्या तसा.
बाईचं मन इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुसरा कप विचारला. फोटो त्यांच्यासमोरच पाठवला.

६ मे
सूनबाईने मधेच रक्त तपासलं. साखर उतरली नाही, चढली. तिला खरं वाटेना. दुसऱ्या मशीनवर केलं. तिथेही तेच. मशीनं जुळी असणार.
संध्याकाळी मला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि त्यांच्याशी भांडली. माझ्या बाजूने! म्हणाली, डॉक्टर, आमच्या आई गोडाला शिवतसुद्धा नाहीत, मी साक्षीदार आहे, तुमच्याच गोळ्या लागू पडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मग इलाज नाही. तीन जूनला शेवटची तपासणी, त्यानंतर इंजेक्शन. त्यांनी सुई दाखवली. लहान असते म्हणे. विंचूही लहानच असतो.
येताना रिक्षात सूनबाईने माझा हात धरला. म्हणाली, घाबरू नका, मी देईन, माझा हात हलका आहे. गेटवर उन्हात उभी राहिलेली पोर. माझा गळा दाटून आला.
निश्चय: आजपासून तुटकंसुद्धा नाही.
घरी आल्यावर दाटलेला गळा काही केल्या मोकळा होईना. एक तुटकं घ्यावं लागलं.

७ मे
निश्चय आजपासून.

१५ मे
कालच्या तारखेपासून धरायला हरकत नाही, काल घरात बिस्किटंच नव्हती.

२५ मे, सकाळी ११
ग्रंथालयातून फोन. पहिला नंबर!! माझा!!!
भाजीवाल्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईलाही सांगितलं. विहीणबाईंच्या फुलाला तिसरा नंबर. मी होऊन फोन करून सांत्वन केलं. त्या म्हणाल्या, तुमच्या फोटोसमोर माझं फूल काहीच नाही, मी पहिल्या रांगेतली जागा धरून ठेवते. नमली बाई एकदाची.
लेक म्हणाला, बघ, कॅमेरा चांगला आहे म्हटलं नव्हतं? श्रेय घ्यायला हजर.
एक जूनला फोटो उघडा करणार. शनिवार आहे, गर्दी होईल. त्या दिवशी इंजेक्शनचा विषय डॉक्टर काढूच शकणार नाहीत. बक्षीस मिळालेल्या बाईला कोण टोचतं?

३१ मे
भाषण तयार केलं. दीड पान. शेवटचं वाक्य: कलेत सच्चेपणा हवा.

१ जून, रात्री
भाषण झालं नाही.
चित्रकलेचे एक शिक्षक परीक्षक होते. पडदा ओढला. तीन फूट म्हणजे किती मोठं असतं, याची मला कल्पना नव्हती. फोनवर चष्म्याची काच तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. तिथे ताटलीएवढी होती.
परीक्षकांनी कागद वाचला. नवरा सुईत दोरा ओवण्यात गुंग आहे, आणि त्याच्या चष्म्यात बायको एका हाताने फोटो काढता काढता दुसऱ्या हाताने चोरून बिस्किट खाते आहे. स्वतःचीच चोरी स्वतः टिपून चारचौघांत मांडायला फार मोठं धाडस लागतं.
टाळ्या. हसणं. विहीणबाई सर्वांत जोरात. चहा नव्हता, तरी ठसका.
डॉक्टर उठून फोटोजवळ गेले. खिशातला चष्मा काढून घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आजी, कधीपासून? मी म्हटलं, तो उजेडाचा खेळ आहे. म्हणाले, उजेडाला दात दिसतायत.
शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, जरा बोट फिरवून एवढं पुसता येईल का. म्हणाला, आजी, हा कागद आहे.

२ जून, रविवार
इंजेक्शन रद्द. डॉक्टर म्हणाले, सुईची गरज नाही, कुलुपाची आहे. डब्याला कुलूप लागलं. किल्ली सूनबाईच्या गळ्यात, ओळखपत्राच्या दोरीलाच.
ह्यांच्यावरचा आळ गेला. सकाळपासून ग्रंथालयाच्या दाराशी उभे आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला काठीने दाखवतात, हा मी, ही चोर. दोन्ही पायांवर उभे आहेत, थकतही नाहीत. चुलत दीरही बघून गेले. पाय आधी बघितला, मग फोटो.
संध्याकाळी सूनबाई मला घेऊन गेली. वाटलं, चार शब्द ऐकवेल. डॉक्टरांशी भांडली होती माझ्यासाठी, तिचा हक्कच होता. मीच आधी म्हटलं, अगं, तुटकं होतं ते. तुटकं मोजत नाहीत.
तिने माझा चष्मा माझ्या नाकावर नीट बसवला आणि मला फोटोच्या अगदी जवळ नेऊन उभं केलं. मग ते कार्डावरचं हसू हसली. हुबेहूब. फोनमधलं मी उगीच घातलं.
दोन काचा. दोन्हीत मी. दोन्हीत बिस्किट. अख्खं. गोल. कडेचे दातेसुद्धा मोजता येतात, आणि वरची साखर.
लेक खरं बोलला होता. कॅमेरा चांगला आहे.